वाडा कुणाचा, राखण कुणाची

पुण्याहून लेक चार दिवस आली की आमच्या घरात दोन गोष्टी होतात. स्वयंपाकघरातून मला सुट्टी मिळते आणि टीव्हीवरच्या माझ्या मालिका बंद होऊन तिच्या चालू होतात. गेल्या चातुर्मासात ती आली ती 'डाउनटन अ‍ॅबी' घेऊनच. म्हणाली, "आई, तुला वाडे आवडतात ना? मग हे बघच."

वाडे मला आवडतात हे खरं. माझं माहेर निपाणीजवळच्या खेड्यातलं. सोपा, माजघर, मागे परडं, माळ्यावर तंबाखूचे बोद, असं घर. ते घर आता नाही. म्हणून कुठल्याही गोष्टीत मोठं घर दिसलं की मी आधी त्याच्या भिंती, जिने, चौकटी बघते आणि मग माणसं. तर मी बसले. चातुर्मासात आमचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकलेलं असतं. आम्ही भांडी घासून, हात पुसून समोर बसायचो तेव्हा पडद्यावरचे लोक जेवायला जायचे कपडे बदलत असायचे. आपल्याकडे मुनींच्या आहाराला शुद्ध कपडे नेसतात तसा यांचा रोज रात्रीचा नेम. लेकीला म्हटलं, "हे लोक जेवतात कधी आणि झोपतात कधी?" ती म्हणाली, "कपडे बदलायला माणूस ठेवलाय ना त्यांनी, त्यांना कसली घाई!"

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्युलियन फेलोज यांनी लिहिलेली ही मालिका इंग्लंडमध्ये आयटीव्ही वाहिनीवर २०१० साली सुरू झाली आणि सहा पर्वं होऊन २०१५ च्या नाताळात संपली. पुढे तिचे चित्रपटही निघाले. चित्रीकरण हँपशरमधल्या हायक्लेअर नावाच्या खऱ्याखुऱ्या वाड्यात झालं. गोष्ट सुरू होते एप्रिल १९१२ मध्ये. टायटॅनिक जहाज बुडाल्याची तार डाउनटनच्या वाड्यावर येते. त्या जहाजात वाड्याचा वारस आणि त्याचा मुलगा, दोघेही गेलेले असतात. उमराव रॉबर्ट क्रॉली यांना तीन मुली, मेरी, एडिथ आणि सिबिल. मुलगा नाही. मग इस्टेट कुणाला? तर ज्याला घरात कुणी पाहिलेलंसुद्धा नाही अशा लांबच्या भाऊबंदाला. तो मँचेस्टरचा वकील, मॅथ्यू. पहिलं पर्व संपतं ऑगस्ट १९१४ मध्ये. बागेत समारंभ चाललेला असतो, बायका टोप्या घालून फिरत असतात आणि उमरावाच्या हातात तार येते. युद्ध सुरू झालेलं असतं.

म्हणजे पहिल्या पर्वाच्या दोन टोकांना दोन तारा आहेत आणि मधली सव्वादोन वर्षं एकच प्रश्न आहे. मेरी थोरली आहे, हुशार आहे, तिला घर हवं आहे. मग ते तिला का नाही?

यात आणखी एक पीळ आहे. वाडा कर्जात बुडत होता तेव्हा रॉबर्टनं अमेरिकेतल्या श्रीमंत बापाची लेक केली, ती कोरा. तिनं आणलेला पैसा सासऱ्यानं असा काही इस्टेटीत बांधून घेतला की तो आता वेगळा काढता येत नाही. म्हणजे आईचा पैसा, आईनं वाचवलेला वाडा, आणि पोटच्या मुलीला त्यातलं काही नाही. कोरा आणि तिची सासू, दोघींचं एरवी एकमेकींशी पटत नाही. पण या एका गोष्टीसाठी दोघी एक होतात. सासू-सुनेच्या मालिका आपण ढिगानं पाहिल्या, पण सासू आणि सून मिळून नातीच्या हक्कासाठी कायद्याचा कीस पाडताहेत असं चित्र आपल्या पडद्यावर मला आठवत नाही. मॅगी स्मिथ यांनी ती म्हातारी अशी उभी केली आहे की तिच्या नुसत्या भुवईवर हसू येतं.

आपण म्हणू, हे इंग्रजांचं सरदारी खूळ आहे, आपल्याला काय त्याचं. तर तसं नाही. आपला बेळगाव जिल्हा इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात होता. या इलाख्यात पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देसाई यांची वतनं होती. आपल्या समाजातलीही कितीतरी घरं पाटीलकीची. १८८६ साली इंग्रज सरकारनं या वतनांसाठी कायदा केला. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घराण्यातली कुठलीही स्त्री वारसाहक्कात पुरुषाच्या मागे. लायक पुरुष वारस घराण्यात शिल्लक असेल तोवर मुलीचा नंबर नाही. म्हणजे लेडी मेरीच्या वाट्याला जे गोष्टीत आलं, ते आपल्या आज्यांच्या आयांच्या वाट्याला खरोखर आलं होतं. फरक एवढाच की त्यांच्यावर कुणी मालिका काढली नाही.

फेलोज यांच्या मनात हा प्रश्न कुठून आला असेल याचा एक धागा त्यांच्याच घरात आहे. त्यांची पत्नी एमा किचनर. हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले आणि १९१४ मध्ये इंग्लंडचे युद्धमंत्री झालेले लॉर्ड किचनर यांच्या घराण्यातली. तिचे काका वारले तेव्हा, २०११ साली, ते उमरावपद संपलं. कारण पुढे पुरुष वारस नव्हता आणि मुलीकडे ते जाऊ शकत नव्हतं. म्हणजे मेरीचं दुखणं लेखकाच्या घरातलं आहे. म्हणूनच पहिल्या पर्वात ते इतकं ठसठसतं.

पण मग पुढे त्यांनी त्या दुखण्याचं काय केलं? इथे मी जरा अडले. रॉबर्ट मुलीसाठी कायद्याशी भांडायला तयार नाही. त्याचं म्हणणं असं की मी मालक नाही, मी या घराचा राखणदार आहे, जसं मिळालं तसं पुढे द्यायचं. ऐकायला किती छान! आपल्याकडचे थोरले भाऊही असंच बोलतात. मालकी नको म्हणणाऱ्याच्या हातात किल्ल्या असतात आणि त्याच्या या मोठेपणाचं ओझं मुलीच्या अंगावर येतं. तोडगा काय निघतो, तर मेरीनं त्या वारसाशीच लग्न करायचं. तेही लगेच जमत नाही, युद्ध मध्ये येतं. तिसऱ्या पर्वात लग्न होतं, मॅथ्यू इस्टेटीत स्वतःला मिळालेला पैसा घालतो आणि मग अपघातात जातो. त्यानं लिहून ठेवलेल्या एका पत्रामुळे त्याचा वाटा मेरीला मिळतो. आता ती बापाबरोबर कारभार बघायला लागते, आणि उत्तम बघते.

लेक खूश झाली. "बघ, मिळालं ना शेवटी!" म्हटलं, "मिळालं गं. पण मुलगी म्हणून नाही मिळालं. विधवा म्हणून मिळालं." १८८६ च्या आपल्या वतनाच्या कायद्यातसुद्धा विधवेला जागा होती, हे मला तेव्हाच आठवलं.

मालिकेची खरी करामत वेगळीच आहे. ती आपल्याला माणसांपेक्षा घराच्या प्रेमात पाडते. सकाळी वर्तमानपत्राला इस्त्री होते, खाली भिंतीवर ओळीनं घंटा टांगलेल्या आहेत, वरून दोरी ओढली की त्या खोलीची घंटा वाजते आणि कुणीतरी जिना चढायला लागतं. हे बघता बघता मी पण त्या घराची काळजी करायला लागले. वाडा राहील ना? इस्टेट तुटणार नाही ना? एकदा तर 'देवा, यांचं घर वाचू दे' असं चक्क मनात आलं. आणि मग माझं मलाच हसू आलं. कुणाचं घर, कुणाची काळजी!

युद्धाचंही तसंच. दुसऱ्या पर्वात डाउनटनचे लोक फ्रान्सच्या खंदकात जातात, वाड्याचं रुग्णालय होतं, आपले डोळे भरून येतात. त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात त्या उपाशी अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. बेळगावच्या कॅम्पातून जाताना मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र दिसतं, ते १९२२ पासून तिथं आहे. आपल्यातल्या किती जणी त्या रस्त्यानं बाजाराला जातात. त्या पलटणींतले गडी कुणाच्या वाड्याच्या राखणीला तिकडे गेले होते? मालिकेत हिंदुस्थान येतो तो एखाद्या नातेवाइकाची बदली होते ते गाव म्हणून. लेखकाला दोष देत नाही, त्यानं त्याचं घर रंगवलं. पण बघणारीनं आपलं घर विसरू नये.

नोकरांचंही सांगायला हवं, कारण या मालिकेची तारीफ होते ती त्यासाठीच. वरचा मजला आणि खालचा मजला, दोन्ही सारख्या मायेनं दाखवलेत म्हणतात. माया आहे हे कबूल. स्वयंपाकीण मिसेस पॅटमोरची नजर अधू होत जाते आणि ते लपवायची तिची धडपड, ही मला राजवाड्यातल्या सगळ्या नाचगाण्यांपेक्षा लक्षात राहिली. आणि ग्वेन. खोल्या झाडणारी पोरगी. तिनं गुपचूप पैसे साठवून टाइपरायटर घेतलाय, टपालानं लघुलेखन शिकतेय, तिला कचेरीत नोकरी करायची आहे. टाइपरायटर सापडतो तेव्हा सगळं घर असं बघतं की जणू चोरीचा माल सापडला. पुढे तिला टेलिफोन कंपनीत नोकरी लागते. पण ती लागते धाकट्या मालकीणबाईंच्या खटपटीनं. या मालिकेत खालच्याचं भलं व्हायचं असेल तर वरच्याचा हात लागतोच. मालक प्रेमळ, चाकर कृतज्ञ. घंटा वाजली की जिना चढायचा तो मात्र चाकरानंच.

मालिका संपली त्या रात्री मी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'.

हे नाटक मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात असताना. आमचं राहणं कर्नाटकात आणि देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. रोज सीमा ओलांडून शिकायला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. विजया मेहतांनी हे नाटक १९८५ मध्ये रंगमंचावर आणलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' अशी त्याची त्रयी झाली आणि चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये तिन्ही नाटकं सलग केली. प्रयोग बघायचं भाग्य मला तेव्हा नव्हतं. मी नाटक वाचलं ते माजघरात, कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली. विसाव्या वर्षी मला ते वाड्याचं दुःख वाटलं. आता पंचावन्नाव्या वर्षी ते प्रभाचं नाटक वाटलं.

विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे. घरचे कर्ते तात्याजी गेलेत. मुंबईहून धाकटा सुधीर आणि त्याची बायको अंजली दिवसकार्याला येतात आणि पडदा उघडतो. वाड्यात थोरला भास्कर, त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, त्यांची मुलं, आई, आंधारात पडून राहिलेली म्हातारी दादी, धाकटा चंदू आणि लग्न न झालेली बहीण प्रभा. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. कामाचा नाही, विकला जात नाही, येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो. मला वाटतं, मराठी नाटकात कुठल्याही नटाइतकी मोठी भूमिका त्या ट्रॅक्टरची आहे. तेराव्याला गावजेवण घालायचं की नाही, यावर भाऊ भांडतात. पैसा नाही, पण देशपांड्यांचं नाव आहे. नाव राखायचं तर काहीतरी विकायचं.

आता डाउनटन आणि धरणगाव शेजारी ठेवून बघा. तिथंही वाडा कर्जात, इथंही. तिथंही नाव मोठं, इथंही. पण फेलोज आपल्याला वाड्याच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसवतात आणि एलकुंचवार आपल्याला माजघरात उभं करतात. तिथं वरच्यांची आणि खालच्यांची माणसं वेगळी आहेत. इथं नोकर ठेवायची ऐपत संपली, म्हणून घरातलीच दोन माणसं चाकर झालीत, चंदू आणि प्रभा. चंदू सख्खा मुलगा, पण दादीला उचलायची त्यानं, पडेल ते काम त्याचं. त्याच्या पायाला जखम होते तर तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. हाक मारली की धावायचं, त्याला घंटा लागत नाही. प्रभाला शिकायचं होतं, तात्याजींनी शिकू दिलं नाही. देशपांड्यांची लेक बाहेर पडून शिकते म्हणजे काय! आता वय निघून गेलंय. घरातलं सोनं भास्करच्या ताब्यात आहे आणि त्यातला वाटा मिळाला तर बाहेर पडता येईल एवढीच तिची आशा.

आणि मग तो प्रसंग येतो. रात्री वहिनी ते घराण्याचे दागिने एकेक करून अंगावर चढवते. ज्या बाईनं आयुष्य चुलीपुढे काढलं ती त्या रात्रीपुरती वाड्याची मालकीण होते. नवरा तिच्याकडे नव्यानं बघतो. विसाव्या वर्षी वाचताना मला वहिनीचा राग आला होता, किती हावरट बाई म्हणून. आता नाही आला. तिला दुसरं काय मिळालंय? पण तिच्या अंगावरच्या त्या सोन्यात प्रभाचं कॉलेज आहे, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं वाटायला लावणं, हे एलकुंचवारांचं सामर्थ्य. पुढे वहिनीचीच मुलगी रंजू ते सोनं घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळते. ज्या घरानं एका मुलीला शिकायला बाहेर जाऊ दिलं नाही, त्या घरातून दुसरी अशी बाहेर पडते. नाटककार त्यावर एक शब्द बोलत नाही.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगते, नाटकात नाही ती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं (तो आपल्या जैनांनाही लागू आहे) मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं. पण त्यातच एक तेविसावं कलम होतं. राहत्या घराच्या बाबतीत भावांनी आपणहून वाटणी करायचं ठरवल्याशिवाय बहिणीनं वाटणी मागायची नाही. मग तिला काय? तर लग्न झालं नसेल, नवऱ्यानं टाकलं असेल किंवा ती विधवा असेल, तर त्या घरात राहायचा हक्क. म्हणजे राहा, पण माग नको. हे कलम २००५ साली निघालं. प्रभा १९८५ च्या रंगमंचावर उभी होती तेव्हा ते जिवंत होतं. वाड्याचे चिरे नुसते दगडाचे नव्हते.

आमच्या घरात एक प्रभा होती. माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं आमच्या माजघरात राहिली. आम्हा भावंडांचं सगळं तिनं केलं. पहाटे उठून पाणी गाळून भरायची, दशलक्षणात दहाही दिवस एकभुक्त राहून घरादाराचा स्वयंपाक करायची. तिच्या मालकीची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात चार पातळं, जपमाळ आणि तिसरीच्या पुस्तकाची फाटकी प्रत. तिसरीपर्यंत शिकली होती. दुपारी सगळे झोपले की ते पुस्तक काढून बसायची. तीच पानं, पुन्हा पुन्हा. घरी आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "अक्का म्हणजे नुसती त्यागाची मूर्ती." ती मान खाली घालून ताटं उचलायची. तिला शिकायचं होतं का, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

आता एलकुंचवारांकडेही एक तक्रार नोंदवते. देशपांड्यांचा वाडा शेतीवर उभा राहिला, पण त्या शेतात राबलेलं माणूस नाटकाच्या मध्यभागी येत नाही. त्यासाठी मला आपल्या निपाणीकडेच यावं लागलं. १९८२ साली युगांतर या बायकांच्या चित्रपट-गटानं निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांबरोबर एक लघुपट केला, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. अर्ध्या तासाचाही नाही. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींनी तो केला. वखारीत काम करणाऱ्या बायका त्यात स्वतः बोलतात, आपल्या मराठीत. कामाचे हाल सांगतात आणि संघटना कशी केली ते सांगतात. तो बघताना मला माझ्या माहेरच्या परड्याचं मागचं दार आठवलं. सुगीत तंबाखूला बाया यायच्या त्या त्या दारानं. तोंडाला पदर, डोळे लाल, खोकत. दुपारी आत्ती त्यांना वरून पाणी ओतायची. ओंजळीत. पाणी ओतणारी आणि पिणारी, दोघींपैकी एकीचंही त्या घरात काही नव्हतं, पण मधला उंबरा दोघींनी पाळला. डाउनटनच्या खालच्या मजल्याला निदान स्वतःचं टेबल होतं.

मग हे सगळं बघून, वाचून आपण काय करायचं? मी समीक्षक नव्हे, घर चालवणारी बाई आहे. मला गोष्ट घरापर्यंत आणल्याशिवाय कळत नाही.

माझं लग्न १९९२ चं. वडील १९९७ ला गेले. १९९४ मध्ये कर्नाटकानं मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं होतं. तरी बापाच्या स्वतःच्या वाट्यात मी वारस होतेच. १९९८ साली मी आणि माझ्या बहिणीनं हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. कुणी दमदाटी केली नाही. भावानं दोघींना साडी घेतली, वहिनीनं पुरणपोळ्या केल्या. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर आमचं कौतुक केलं, "पोरींनी अपरिग्रहाचा धर्म पाळला." मला त्या वेळी खरोखर भरून आलं होतं. कागद मी वाचला नव्हता.

त्या शब्दानं मला पुढे पंचवीस वर्षं गप्प ठेवलं. 'डाउनटन' बघताना मेरीच्या बापानं 'राखणदार' म्हटलं आणि मला तो 'अपरिग्रह' आठवला. दोन्ही शब्द मोठे, दोन्ही खरे, आणि दोन्ही चुकीच्या माणसाला लावलेले. आपल्या निपाणीजवळच्या भोजचे सातगौडा पाटील घर, शेती, पाटीलकी सोडून निघाले आणि आचार्य शांतिसागर महाराज झाले. तो त्याग. कारण ते त्यांचं होतं, ते त्यांनी जाणून सोडलं, आणि सोडल्यावर ते स्वतः त्या घरात राहिले नाहीत. माझ्या सहीत यातलं काय होतं? माझं काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. जे कधी हातात आलंच नाही त्याचा त्याग कसा होईल? आणि परिग्रहाचं प्रमाण ठरवायचं ते व्रत भावाला नाही का? दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन ऐकताना मी आजूबाजूच्या बायकांचे चेहरे बघते. सगळ्या माना डोलावतात. त्यातल्या किती जणींनी कागद वाचला असेल?

भाऊ वाईट नाही, हे मुद्दाम लिहिते. मी आजारी होते तेव्हा रात्री धावत आला होता. रॉबर्ट क्रॉलीही वाईट नाही आणि भास्करही नाही. दोन्ही लेखकांनी दुष्ट माणूस आणला नाही, हे मला सगळ्यात पटलं. घर राखायचं या एका चांगल्या कारणासाठी चांगली माणसं किती जणांना माजघरात ठेवतात, हीच तर गोष्ट आहे. एकानं ती गोड करून सांगितली आणि एकानं जशी आहे तशी. गोड केलेली मी तीन आठवडे आवडीनं बघितली, नाकारत नाही. बायांनो, तुम्हीही बघा, सुंदर आहे. पण ती संपली की 'वाडा चिरेबंदी' हातात घ्या. आणि निपाणीच्या बायकांचा तो लघुपट कुठे मिळाला तर लेकी-सुनांना घेऊन बसा.

शेवटचा भाग संपल्यावर लेकीनं विचारलं, "आई, तू सही का केलीस?" मी म्हटलं, "सगळ्या करत होत्या." ती काही बोलली नाही. उठून पाणी आणलं, मला दिलं.

दिवाळीच्या आधी भावाचा फोन आला. परड्याची जागा त्या वेळच्या कागदात यायची राहिली होती, उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. रस्ता मोठा होणार, त्यात थोडी जागा जाणार, भरपाईला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. "रविवारी ये आक्का, जेवायलाच ये. सही करून टाकू." आवाजात तीच माया.

परडं म्हणजे आत्तीची जागा. पाण्याची कळशी, मागचं दार, दुपारचं ते फाटकं पुस्तक. मी म्हटलं, "येते की, जेवायला नक्की येते. पण कागद आधी इकडे पाठव. वाचते आणि मग सांगते."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बरं."

कागद आलाय. सोमवारी लेक येणार आहे, दोघी मिळून वाचू.